नसीमने खर्रा खाल्ला नव्हता

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी राळेगावच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. तिलाच भेटायला निघाले होते. रफिकभाई, म्हणजे तिचे मालक, एवढंच म्हणाले, "कुंदाताई, नका येऊ आता... आम्हीच तिले घेऊन येऊन राह्यलो." मी बाकावर बसले. शेजारी गावातलेच एक ओळखीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, माझी मैत्रीण गेली. आमच्या शाळेतली नसीम मॅडम. "काय होतं त्याह्यले?" गालाजवळ कॅन्सरची गाठ होती. गृहस्थांनी मान हलवली, चक् चक् केलं आणि म्हणाले, "खर्रा खात असतीन." असं म्हणताना त्यांच्या स्वतःच्या गालात खर्रा होता. ते उठून कोपऱ्यात थुंकून आले आणि पुन्हा माझं सांत्वन करायला बसले!

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायची रीत आहे. गोड शब्द माझ्याकडेही पुष्कळ आहेत, पण आधी दुसरं काही सांगायचं आहे. नसीमने आयुष्यात खर्रा खाल्ला नव्हता. सुपारीचं खांडसुद्धा नाही. आमच्या भागात सकाळी दात घासायच्या आधी माणसं प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटत बसतात, बायाही मागे नाहीत. त्या मुलखात ही बाई मुलांच्या दप्तरांतून पन्न्या काढून शाळेमागच्या खड्ड्यात पुरायची. आणि तिच्याच नावावर खर्रा लिहिला गेला.

आम्ही दोघी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरोबरच लागलो. ती मराठी शिकवायची, मी गणित. पहिल्या दिवशी कुणीतरी तिला म्हटलं, "मॅडम, तुमचं उर्दू शाळेत नाही जमलं का?" तर म्हणाली, "भाऊ, मले उर्दू वाचता येते, पण स्वप्नं मराठीत पडतात. आता काय करू?" अशी होती. धडा वाचायला लागली की बाजूच्या वर्गातली माझी पोरं गणितं सोडून भिंतीला कान लावायची. मी चिडायची, ती हसायची. घसघशीत हसणं होतं तिचं, सगळे दात दाखवून. हे दात मुद्दाम सांगते आहे.

कारण चाळिशी ओलांडली आणि तिचं तोंड कोरडं पडायला लागलं. आधी वाटलं, उन्हाळा आहे. यवतमाळ जिल्ह्यातला मार्च-एप्रिल म्हणजे तोंड कोणाचं कोरडं पडत नाही? पण पावसाळा आला, थंडी आली, तरी तेच. वाचता वाचता जीभ टाळूला चिकटायची आणि सुटताना चट् असा आवाज व्हायचा. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. मग दात जायला लागले. लाळच नसली तर दातांना राखणार कोण? मुळाशी काळे पडायचे, तुकडा पडायचा. नसीम तोंडावर हात धरून हसायला लागली, आणि पुढे पुढे तर हसणंच टाळायला लागली. त्या हसण्याची मला भारी आठवण येते.

डॉक्टरांकडे गेलो. एकाकडे नाही, कितीजणांकडे. मी बहुतेक वेळा बरोबर असायचे, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. डॉक्टर बॅटरी मारून म्हणायचे, तोंड उघडा. काळे दात पाहिले की दुसरा प्रश्न ठरलेला: "खर्रा किती खाता?" नाही खात म्हटलं की गालातल्या गालात हसायचे. "अहो, सगळे असंच म्हणतात. आमच्यापासून लपवू नका." एकदा तिचा तोल गेला. "डॉक्टरसाहेब, खर्रा खाल्ला की थुंकावं लागते. मले थुंकीच येत नाही, तर मी खर्रा खाऊन करू काय?" इतकं सरळ बोलणं. पहिलीतल्या पोराला कळेल. डॉक्टरांना नाही कळलं. त्यांनी खर्रा सोडायच्या गोळ्या लिहून दिल्या.

आता घरचं. तिच्या घरी रमजानचे रोजे कडक पाळले जात. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने आपणहून एकही रोजा सोडला नव्हता. दिवसभर न खाणं तिला कधीच जड गेलं नाही. पण पाण्याशिवाय जीभ हलत नाही, घसा चिरतो, तर काय करायचं? रोजे सुटायला लागले. मोठी जाऊ, तिला सगळे बडी भाभी म्हणतात, तोंडावर बोलायची: "मास्तरीन झाली म्हणून पानी प्यायचे बहाणे शोधते." मौलाना बिचारे चांगले होते. ते म्हणाले, बेटी, बीमार माणसाला माफ आहे, जबरदस्ती नाही. फक्त सांग, बीमारी कोणती? इथेच तर सगळं अडलं होतं. बीमारी कोणती, हे कोणीच सांगत नव्हतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

मग रमजानात ती दुपारच्या सुट्टीत माझ्या घरी यायची. शाळेला लागूनच आमचं घर. स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून खाली बसायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि घोट घोट पाणी प्यायची. चोरी केल्यासारखं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, तुझ्या अल्लाहला माहीत नाही का, तू आजारी आहेस ते?" पेला खाली ठेवून म्हणाली, "त्याले माहीत आहे गं. पण मले बी माहीत पाह्यजे ना, का मी खोटी नाही. सगळे म्हणतात मनाचं आहे, मनाचं आहे... कधी कधी मलेच वाटते, खरंच माह्या मनाचं असंन काय?" पुढची सगळी वर्षं तिला एवढंच हवं होतं. औषध नंतर. आपण खोटं बोलत नाही, हे कोणीतरी एकदा दाखवावं.

ते दाखवणारी भेटली ती अवचित. पोट दुखत होतं म्हणून आम्ही यवतमाळला सोनोग्राफीला गेलो. पित्ताशयात खडे आहेत का, एवढंच पाहायचं होतं. तिथली डॉक्टर अगदी तरुण मुलगी, पल्लवी तिचं नाव. पोटावर यंत्राचा दांडा फिरवता फिरवता थांबली आणि म्हणाली, "मावशी, मघापासून तुमच्या जिभेचा आवाज येतोय. तोंड कोरडं पडतं का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? बोटांचे सांधे सकाळी आखडतात?" नसीम उठूनच बसली. डोळ्यांचं तिने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. इतक्या डॉक्टरांत तिच्या डोळ्यांबद्दल विचारणारी ही पहिली. पल्लवी म्हणाली, लाळेच्या गाठींचा, म्हणजे लाळ बनवणाऱ्या ग्रंथींचा, एक आजार असतो, शरीर स्वतःच त्या गाठी खात सुटतं. आपण तुमच्या गालाचीच सोनोग्राफी करू. सुई टोचायची नाही, रंग सोडायचा नाही, कापायचं नाही. नुसतं बाहेरून पाहायचं. मी विचारलं, त्यासाठी नागपूरला जावं लागेल का? ती म्हणाली, "नाही हो, हेच मशीन. हाच दांडा पोटाऐवजी गालावर ठेवायचा, फारतर लहान लावायचा."

मला सांगा, रागाने जीव जाणार नाही तर काय! हे यंत्र गल्लोगल्ली आहे. दिवसभर बायकांच्या पोटावर फिरतं. बाई म्हणजे पोट, एवढंच त्याला शिकवून ठेवलेलं. तोच दांडा हातभर वर न्यायचं इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या तारखेला रमजान सुरू झालेला होता. दरवर्षीप्रमाणे नसीमने सुरुवातीचे रोजे रेटून धरले होते. टेबलावर आडवी झाली, कानाखाली आणि जबड्याखाली जेली लावली, आणि पल्लवीने शांतपणे अर्धं लिंबू कापलं. नसीम दचकली. "हे कायले?" पल्लवी म्हणाली, आधी गाठ शांत असताना रक्त किती वाहतं ते पाहायचं, मग जिभेवर लिंबू पिळून पाहायचं. आंबट लागलं की गाठीकडे रक्ताची धाव सुरू होते, कारण लाळ त्या रक्तातल्या पाण्यातूनच बनते. नसीमने हात जोडले. "बेटा, रोजा आहे माझा." दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, मग ईदनंतर या. पल्लवीने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग थांबू या. तुम्ही रोजा लिंबाने सोडा."

आम्ही थांबलो. रफिकभाई खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन आले. त्यांचं पाण्याच्या मोटारी बांधायचं दुकान आहे, हात कायम ग्रीसने काळे. यंत्रं ही त्यांची आवडती गोष्ट, ते मशीनभोवती दोन चकरा मारून आले. वेळ होता म्हणून पल्लवी म्हणाली, चांगली गाठ कशी दिसते ते आधी पाहा, ताई तुम्ही झोपा. मी झोपले. करड्या पडद्यावर वाहत्या रक्ताचे लाल-निळे दोन-चार ठिपके मिचमिचत होते. तिने लिंबाची फोड माझ्या जिभेवर टेकवली मात्र, अख्खा पडदा लाल-निळा पेटून उठला! रंगपंचमीच झाली. माझं तोंड पाण्याने भरून आलं, गिळता गिळता ठसका लागला. नसीम खुर्चीतून टक लावून पाहत होती. म्हणाली, "अगं माय, तुह्या गालात तर बेंबळा धरन आहे." हसलो सगळे.

अजान झाली. नसीमने दुआ म्हटली. पल्लवीने एका हाताने दांडा तिच्या गालावर धरला आणि दुसऱ्या हाताने लिंबाचे थेंब जिभेवर सोडले. रोजा सुटला... पडदा तसाच राहिला. एखादा ठिपका लुकलुकला आणि विझला. पुन्हा थेंब सोडले. पुन्हा तेच. गाठ बाहेरून नीट दिसत होती, पण आत काळी काळी भोकं. रफिकभाई पुटपुटले, "बोंडअळीनं खाल्लेल्या बोंडावानी." पल्लवी म्हणाली, अगदी तसंच. मग ती नसीमकडे वळून म्हणाली, "मावशी, तुमच्या गाठींत लाळ बनतच नाहीये. हे मनाचं नाही. हे मला इथे दिसतंय."

नसीमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. पण डोळ्यांत थेंब नव्हता, कारण त्या आजारात आसवंही आटतात. मी माझा रुमाल पुढे केला आणि तसाच परत घेतला. थोड्या वेळाने तिने हात काढले तर ती हसत होती, उरलेले सगळे दात दाखवून. "ऐकलं काय हो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी खोटी नाही." मग बाटली तोंडाला लावली आणि गटागटा पाणी प्यायली, पदर न घेता, सगळ्यांसमोर.

इथेच लेख संपवता आला असता तर काय हवं होतं!

पल्लवीने सांगितलं होतं, हे फोटो घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जा, औषध सुरू करा आणि मधूनमधून गाठी तपासत राहा, कारण या आजारात कधी कधी तिथेच कॅन्सर धरतो. आम्ही गेलो. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, पण त्यांच्या दारात चपलांचा ढीग असतो. त्यांनी फोटो हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "गालाची सोनोग्राफी? लिंबू चोखून? हे दवाखान्यात झालं का रसवंतीवर?" असं म्हणून स्वतःच हसले. मग कंपाउंडर हसला. रक्ताची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, रक्तात नसलं तरी गाठीत असू शकतं, असं त्या मॅडम म्हणाल्या. ते म्हणाले, "तुम्ही कोण? शिक्षिका ना? मग शिकवा. या वयात बायकांना असं होतं. टेन्शन घेऊ नका." आणि टेन्शनची गोळी लिहून दिली. घरी येऊन मी पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद उलगडून वाचला. त्या गोळीने तोंड कोरडं पडू शकतं, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. आधीच कोरड्या तोंडाच्या बाईला तोंड कोरडं करणारी गोळी! आणि वर फी.

मला वाटलं, नसीम चिडेल. ती विझली. मी म्हटलं, आपण पुन्हा पल्लवीकडे जाऊ, नागपूरला जाऊ. तर म्हणाली, "कुंदा, ती पोरगी आहे. हे एवढे मोठे मानूस. ते खोटं कायले बोलतीन?" तिला जे मिळालं होतं ते त्या माणसाने एका हसण्यात काढून घेतलं. आणि मग तिने काय केलं माहीत आहे? यंदाच्या रमजानात अख्खे रोजे धरले. एकही सोडला नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय ना, काही नाही म्हणून! मग माफी कशाची? रोज दुपारी मी पाण्याचा पेला भरून ठेवायचे आणि ती यायची नाही. वर्गात वाचणं बंद झालं होतं, फळ्यावर लिहायची आणि पोरांकडून वाचून घ्यायची. ओठ फाटून रक्त यायचं. मी भांडले, बोलायचं सोडलं, पुन्हा जाऊन भांडले. म्हणायची, "होऊन राह्यलं गं सगळं. मनाचंच होतं, आता मनानंच काढते."

ईदला गेले तर कानाखाली गाठ आलेली. शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, गालगुंड आहे, लेप लावा. या वयाच्या बाईला गालगुंड! लेप लावण्यात आणखी दिवस गेले. शेवटी रफिकभाईंनी कोणाचं न ऐकता तिला गाडीत घातलं आणि नागपूरला नेलं, मीही बरोबर गेले. कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरांनी पल्लवीने काढलेले फोटो उजेडासमोर धरले आणि विचारलं, "लाळेच्या गाठींचा आजार तर तेव्हाच दिसत होता. पुढे का नाही आणलं यांना?" काय सांगायचं त्यांना? आम्हाला एका माणसाने हसून परत पाठवलं, हे? वेळेवर कळलं असतं तर ती वाचलीच असती, असं मी म्हणत नाही, त्या डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण महिनाभर कोरडा ठेवलेला तो घसा तरी वाचला असता ना! शेवटचा रमजान तरी तिने बिनघोर पाणी पीत काढला असता.

तिला पोळ्याच्या आधी दफन केलं. बडी भाभी माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, "मले वाटलं, नखरे करते." निदान तिने तेवढं कबूल तरी केलं.

आणि मागच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या शाळेत तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम होता. आमचे मुख्याध्यापक नवीन आहेत, नसीम रजेवर गेल्यावर आलेले, माणूस वाईट नाही. सकाळी व्हरांड्यात तक्ते टांगले होते, त्यावर सडलेल्या तोंडांची चित्रं. आणि खाली, हार घालून, माझ्या नसीमचा फोटो. शेजारी खडूने लिहिलेलं: खर्रा सोडा, नाहीतर आपल्या लाडक्या मॅडमसारखं होईल.

मी तो फोटो ओढून काढला. मुख्याध्यापक धावत आले. "मॅडम, अहो मॅडम, गालाचा कॅन्सर म्हणजे खर्राच ना? सगळं गाव म्हणते. मुलांना जवळचं उदाहरण दिलं की पटते." मी म्हटलं, सर, तिने पुरलेल्या पन्न्या या शाळेच्या मागे अजून सापडतील. तुम्ही तिलाच गुन्हेगार करता? ते ओशाळले. पुसतो म्हणाले. मी म्हटलं, पुसून नाही भागायचं, पोरांनी वाचलंय.

मी तशीच सातवीच्या वर्गात गेले. नसीमचा वर्ग. गणिताचा तास नव्हता माझा. मी म्हटलं, डोळे मिटा. मिटले. म्हटलं, हिरवी कच्ची चिंच. आत्ता झाडावरून पाडलेली. तिला तिखट-मीठ लावलंय आणि तुम्ही जिभेवर ठेवताय. वर्गात आधी कोणीतरी ‘स्स्’ केलं. आणि मग पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, एकामागून एक, सगळ्या वर्गाने आवंढा गिळला. मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

"उघडा डोळे," मी म्हटलं. "आत्ता तुम्ही जे गिळलं ना, ते तुमच्या मॅडमकडे नव्हतं. त्या हे सगळ्यांना सांगत होत्या. कोणी खरं मानलं नाही."